धूरकाकांचा टायर

धूरकाकांचं खरं नाव त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि बायकोला आठवत होतं. बाकी कुणाला त्याची गरज पडत नव्हती. पालिकेच्या आरोग्य खात्यात डास मारायच्या यंत्रावरचा माणूस. खांद्याला पट्टा, हातात लांबलचक नळी, नळीतून पांढराशुभ्र धूर. दोरीला हिसका दिला की यंत्र आधी म्हाताऱ्यासारखं खोकायचं, मग एकदम फटफटायला लागायचं, आणि त्या आवाजासरशी गल्लीतली पोरंटोरं हातातलं टाकून त्यांच्या मागे. धुरात शिरायचं, एकमेकांवर आदळायचं, बाहेर यायचं, पुन्हा शिरायचं. काका मागे वळून डोळे वटारायचे, धुरात खेळू नका म्हणून दम भरायचे, कारण तसा दम भरायचा असं खात्यात शिकवलं होतं. पण मनातून माणूस खूश. मंत्र्याच्या गाडीमागेसुद्धा एवढी पोरं धावत नाहीत, असं ते घरी जेवताना सांगायचे, आणि काकू म्हणायच्या, पुरे झालं, ताटातलं गार होतंय.

अशा माणसाला बघून गल्ली पळून जाईल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर काका पोट धरून हसले असते. पण वेळ कुणाला सांगून येते का?

झालं काय, की शहरातली कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली. कशासाठी उतरली ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपल्या घरातल्या पोरांना विचारावं. ती सांगतील, आणि लवकर थांबणार नाहीत. चौकात टायर रचून रस्ता अडवला, घोषणा झाल्या, पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली, आणि शेवटी वरचा कुणी मोठा माणूस खुर्ची सोडून आपल्या घरी गेला. पोरं जिंकली. दुकानं उघडली, बस सुरू झाल्या, काचा गोळा झाल्या. सगळं जागेवर आलं, पण लोकांच्या डोक्यातून धूर काही गेला नाही.

त्यात आंदोलनाच्या दिवसांत कुणीतरी शोध लावला होता, की डोळ्यांखाली टूथपेस्ट फासली म्हणजे अश्रुधूर कमी झोंबतो. खरं-खोटं देव जाणे, पण सवय लागायची ती लागली. आंदोलन संपल्यावर काका पहिल्यांदा यंत्र घेऊन आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी दोरीला हिसका दिला. यंत्र खोकलं. त्या खोकल्यालाच निम्मी दारं बंद झाली. धूर बाहेर पडला तशी उरलेली झाली. निवृत्त गुरुजी ओलं फडकं तोंडावर घेऊन ओट्यावरच पालथे पडले. दूधवाल्यानं सायकल टाकली आणि तो स्वतःही गटारात जाऊन बसला. खिडक्यांच्या फटींतून बघावं तर घराघरांत माणसं डोळ्यांखाली पांढरे पट्टे ओढून बसलेली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी एक कांदा फेकून मारला तो बरोबर काकांच्या टोपीवर बसला.

काका धुरात एकटे उभे. मागे एक पोर नाही. इतकं वाईट वाटलं त्यांना, की त्यांनी यंत्र बंद केलं, कांदा उचलून खिशात घातला आणि ते मुकाट घरी गेले. वाणी म्हणायचा, धंद्यात अशी टूथपेस्ट कधी खपली नाही, आणि गल्लीत इतक्या लोकांच्या तोंडाला वासही कधी आला नाही. कारण जी होती ती डोळ्यांखाली जायची. दातांना काय उरणार?

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण तेवढ्यात ताप आला. आधी दोघातिघांना, मग घराआड एकाला. अंग तापायचं, हाडं दुखायची, डोळ्यांमागे ठणकायचं. रक्त तपासलं की डेंग्यू. शेजारच्या शिंप्याला तर दवाखान्यात टाकावं लागलं, आणि त्याच्याकडे शिवायला दिलेले अर्धवट कपडे घेऊन निम्मी गल्ली हळहळत बसली. काहींची हळहळ शिंप्यासाठी होती, काहींची बाही नसलेल्या सदऱ्यासाठी. धूर घरात शिरायला हवा, त्यासाठी दारं-खिडक्या उघड्या हव्यात, आणि इथे तर धुराचं नाव काढलं की फटींत बोळे कोंबले जात होते.

पण काकांच्या जिवाला खरी टोचणी वेगळीच होती. सगळ्या गल्लीत सगळ्यांत घट्ट बंद असलेली खिडकी त्यांच्या स्वतःच्या घराची होती. त्या खिडकीच्या आत त्यांची मुलगी होती.

आता हिच्याबद्दल सांगायला हवं. घरात ही पोर इतकी हळू बोलायची, की काकू तिला म्हणायच्या, अगं, मीठ हवंय की पाणी हवंय ते एकदा मोठ्यानं बोल तरी. आणि आंदोलनात तिचं नाव पडलं होतं भोंगा. चौकात टायरांवर चढून ही घोषणा द्यायची आणि खालची सगळी गर्दी ती उचलायची. काकांना हे बाहेरच्यांकडून कळलं. कुणीतरी म्हणालं, तो भोंगा तुमच्या घरचा ना हो? काकांना वाटलं, पालिकेचा भोंगा म्हणतायत. ते म्हणाले, नाही, तो ऑफिसातच असतो.

शेवटच्या दिवशी एक नळकांडं तिच्या पायाशी येऊन फुटलं. श्वास कोंडला, दिसेना, आणि गर्दीत ती खाली पडली. कुणीतरी तिला ओढून एका दुकानात नेलं म्हणून बरं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण तेव्हापासून भोंगा बंद. खोलीत बसायची, दाराखाली ओला टॉवेल, खिडकीच्या फटीत कापूस. आणि बाप कोण, तर धूरकाका. त्यांच्या कपड्यांना, केसांना, मिशीलासुद्धा डिझेलचा आणि औषधाचा वास. ते दारात आले की आत मुलीला धाप लागायची. म्हणून काका अंगणातल्या नळावर आंघोळ करायचे, कपडे बाहेरच तारेवर टाकायचे आणि पायरीवर बसून जेवायचे. मुलीशी बोलायचं असलं तर काकूंमार्फत. तिला सांग पोटभर जेव. ती जेवली म्हणते. तिला विचार काय जेवली. ती म्हणते, जे तुम्ही जेवताय तेच, घर एकच आहे ना. असा सगळा निरोप्यांचा कारभार. आणि रोज संध्याकाळी धूर मारत स्वतःच्या घराशी आले की काका यंत्र बंद करायचे, घर ओलांडायचे, आणि पुढच्या घराशी पुन्हा दोरी ओढायचे. डास काय दार बघून चावतो का? त्यांना कळत होतं. पण हात धजायचा नाही.

लोकांची भीती घालवायला काकांनी काय काय केलं ते विचारू नका. आधी भाड्यानं कर्णा आणून पुकारा केला: घाबरू नका, शांत राहा, आपापल्या घरीच थांबा. नेमकं हेच वाक्य पोलिसांच्या गाडीवरून ऐकू यायचं, आणि त्यानंतर लगेच नळकांडी फुटायची. काकांचा पुकारा संपायच्या आत गल्ली सामसूम. मग काकूंच्या सल्ल्यानं त्यांनी यंत्राला गुलाबी रंग दिला आणि नळीवर फुलं काढली. लोक म्हणाले, सरकार आता फसवायला लागलं बघा. तिसऱ्या खेपेला काकांनी सगळ्यांसमोर स्वतःच धुरात तोंड घालून मोठा श्वास घेतला, म्हणजे लोकांना पटेल. असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. गल्लीतल्या बायकांनी खिडकीतून त्यांना कांदा हुंगायला दिला आणि खिडकी लावून घेतली.

शेवटी काका आरोग्य खात्याच्या साहेबांकडे गेले. आंदोलनानंतर साहेबांनी एकच धोरण धरलं होतं: ज्याला हात लावला तर पेट घेईल अशा कशालाही हात लावायचा नाही. या हिशोबानं ते चहाच्या कपालाही जपूनच हात लावायचे. काकांचं सगळं ऐकून ते म्हणाले, डास येतात कुठून ते आधी शोधा. काकांनाही तेच वाटत होतं. धुरानं उडते डास मरतात; जन्माला येतायत ते कुठेतरी साठलेल्या पाण्यात. तेव्हा काका पिंपं, कुंड्या, गच्च्या, नाले असं करत करत चौकात पोचले, आणि तिथे जागच्या जागी थबकले.

पोरांनी रस्ता अडवायला रचलेले टायर तसेच ठेवले होते. आठवण म्हणून. स्मारकच म्हणा ना. बाजूनं दोरी बांधली होती, टायरांच्या भोकांत डबे ठेवून फुलझाडं लावली होती, आणि पाटी होती: इथलं काहीही हलवायचं नाही. पोरं पाळ्या लावून रोज सकाळी भक्तिभावानं त्या झाडांना पाणी घालत होती, आणि हात सैल सोडून घालत होती. झाडांना लागेल तेवढं झाडं प्यायची, उरलेलं टायरांच्या पोटात. टायरच्या कडेत पाणी शिरलं की उचलून उलटं केल्याशिवाय बाहेर येत नाही. काकांनी टॉर्च मारला. आत अळ्यांची जत्रा. क्रांतीच्या स्मारकात पोरांनी स्वतःच्या हातांनी डास पोसले होते, खाऊ-पिऊ घालून.

आणि सगळ्यांत खालच्या थरात, एका कोपऱ्यात, एक लहानसा टायर होता. कडेला निळ्या रंगाचा पट्टा. डिझेलचे डबे न्यायची काकांची हातगाडी गेले कित्येक दिवस एका चाकाला टायर नाही म्हणून अंगणात लंगडी उभी होती. तो हा टायर. काका थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी टॉर्च बंद केला.

पोरांच्या सभेला काका गेले तेव्हा त्यांना आधी कळेना, बोलायचं कुणाशी. या आंदोलनाला नेता नव्हता. तुमचा नेता कोण, असं कुणी विचारलं की एक लांब केसांचा मुलगा उठून सांगायचा, आम्हाला नेता नको. इतक्या वेळा त्यानं हे सांगितलं, की त्याचं नावच नेतानको पडलं, आणि आता प्रत्येक गोष्ट त्यालाच विचारून व्हायची. सभेत टाळ्या वाजवायच्या नाहीत, पटलं तर बोटं हवेत हलवायची. एकानं जरी छातीवर हातांची फुली केली तरी ठराव अडला. काकांनी टायरांतलं पाणी, अळ्या, शिंप्याचा ताप, सगळं सांगितलं. पोरं काही दगड नव्हती. ऐकताना त्यांचे चेहरे उतरले. सगळ्यांची बोटं हवेत हलली. काकांना वाटलं, माशा हाकलतायत.

मग नेतानको म्हणाला, की अडचण एकच आहे. काहीही हलवायचं नाही हा ठराव ज्या मुलीचा, तिलाच तो मागे घेता येतो, तसा नियमच केलाय. ती भोंगा. आणि ती काही बाहेर येत नाही. निरोप पाठवले, उत्तर नाही. तुम्ही तिला ओळखता का?

काका म्हणाले, तोंडओळख आहे.

घरी परतताना काकांनी स्वतःशी पक्कं केलं, की तिला यातलं काही सांगायचं नाही. जी पोर बापाच्या मिशीच्या वासानं गुदमरते तिला काय चौकात ओढायचं? साहेबांना पुन्हा भेटू, वरच्या साहेबांना भेटू, काहीतरी होईल. हे सगळं घोळवत ते अंगणात आले तर नेहमीसारखा टॉवेल तारेवर नाही, पाण्याची बादली भरलेली नाही, आणि आतून काकूंचा कण्हण्याचा आवाज.

काकूंना ताप भरला होता. डॉक्टर येऊन गेले, रक्त तपासलं, तेच निघालं. घरीच पडून राहा, भरपूर पाणी प्या, मच्छरदाणीतून बाहेर येऊ नका. काकू मच्छरदाणीत गेल्या आणि तिथून दरबार चालवू लागल्या: दूध उतू जातंय, तारेवरचे कपडे काढा, त्या नळाचा टपटप आवाज बंद करा, माझं डोकं फुटतंय. बोलता बोलता मध्येच त्या गप्प व्हायच्या, आणि ते गप्प होणं काकांच्या काळजाला जाऊन लागायचं. इतक्या वर्षांत काकू मध्येच अशा कधी गप्प झाल्या नव्हत्या.

काका पायरीवर बसले होते. निरोप न्यायला माणूस नव्हता, तेव्हा आतल्या खोलीच्या दारामागून मुलीचा आवाज आला. थेट, कुणाच्याही मार्फत नाही.

"बाबा, डास येतायत कुठून?"

"नाल्यातून," काका म्हणाले.

मच्छरदाणीतून काकूंचा क्षीण आवाज आला. "खोटं बोलतायत. कान चोळतायत बघ."

काकांनी कानावरचा हात खाली घेतला. मग त्यांनी सांगितलं. टायर, झाडं, पाणी, अळ्या, सगळं. तिला बोल लागू नये म्हणून सांगताना मध्ये मध्ये पोरांची बाजूही घेतली, झाडं मात्र छान वाढलीयत म्हणाले. 

"खालचा लहान टायर तुमच्या गाडीचा आहे," ती म्हणाली. "मीच काढला होता. पहिला तोच ठेवला."

"माहीत आहे. निळा पट्टा मीच मारलाय."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी मिशी चाचपली. "तू त्यावर उभी राहून बोलत होतीस. लोकांनी सांगितल्यावर मी एकदा येऊन कोपऱ्यावर उभा होतो. पार गल्लीच्या टोकापर्यंत आवाज येत होता तुझा. म्हटलं, आता टायर कुठे परत मागायचा."

 मग दाराखालचा ओला टॉवेल कुणीतरी ओढून घेतल्याचा आवाज झाला. कडी निघाली. पोर दारात उभी राहिली, डोळ्यांखाली टूथपेस्टचे दोन जाड पट्टे, गालावरून ओघळत. ते उकाड्यानं ओघळत होते की कशामुळे, ते काकांनी विचारलं नाही. ती नाक दाबून त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. धाप लागली होती. पण बसली.

"ते स्मारक मोडायचं का मग?" तिनं विचारलं.

"टायर राहू दे," काका म्हणाले. "पाणी तेवढं ओतून टाका."

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांचं अजून एकमत नाही. भोंगा आली म्हटल्यावर पोरं गोळा झाली. तिनं आपला ठराव मागे घेतला, बोटं हलली, आणि पोरांनी एकेक टायर उचलून उलटा केला. मग त्यांना भोकं पाडली, म्हणजे पुन्हा पाणी साठायला नको, आणि रिकामे टायर होते तसे रचले. भोकांतून वारा गेला की ते शीळ घालायचे. पोरांना ते फारच आवडलं. अळ्यांचं काम झालं. पण उडते डास घराघरांत बसले होते, आणि धुराचं काय?

तेव्हा तिनं काकांच्या हातातला भाड्याचा कर्णा घेतला. संध्याकाळ व्हायला आली होती. ती यंत्रापुढे चांगली लांब उभी राहिली, काकांना मानेनं खूण केली. काकांनी दोरी ओढली. यंत्र खोकलं, आणि तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले. धूर निघाला. काका बोट खटक्यावरच ठेवून होते, ती जरा जरी मागे सरकली असती तरी त्यांनी बंद केलं असतं. ती मागे सरकली नाही. तिनं कर्णा तोंडाला लावला, पहिला आवाज फाटला, दुसरा गल्लीच्या टोकाला जाऊन धडकला.

"दारं उघडा. हा धूर आपला आहे."

मागच्या पोरांनी ते उचललं. उचलायची सवयच होती त्यांना. हा धूर आपला आहे! डास हटाव, गल्ली बचाव! टूथपेस्ट दातांना, धूर डासांना! ही शेवटची घोषणा वाण्याला पटली नाही, पण बाकी गल्लीला पटली. एक खिडकी उघडली, मग दुसरी. गुरुजी ओट्यावर पालथे व्हायला निघाले होते ते अर्ध्यावर थांबले आणि तिथूनच बोटं हलवू लागले.

आता चौकातल्या हवालदाराचं ऐका. चौकीच्या काचा फुटल्यापासून बिचारा चौकीत बसायचाच नाही; समोर न्हाव्याच्या दुकानात बसून तिथून चौकीवर नजर ठेवायचा. त्या संध्याकाळी तो दाढीला बसला होता. तोंडभर साबण, गळ्यात कापड. बघतो तर घोषणा देणारी पोरं टायरांकडून दुकानाच्या दिशेनं येतायत, आणि त्यांच्याबरोबर धूर चालतोय. आजवर धूर पोलिसांकडून पोरांकडे जायचा. हा उलटा येत होता. पोरांच्या हाती अश्रुधूर लागला, अशी त्याची खात्रीच झाली. तो तसाच उठला आणि मागच्या दारानं पळायला गेला, पण मागचं दार न्हाव्यानं आंदोलनातच खिळे ठोकून बंद केलेलं. मग पुढूनच निघाला, थेट मोर्चाच्या तोंडात.

पोरांनी काय पाहिलं? हवालदार, गणवेशात, डोळ्यांखालपासून हनुवटीपर्यंत पांढरा. स्वतःहून धावत येतोय. एवढी टूथपेस्ट आजवर कुणी फासली नव्हती. मग जो जल्लोष झाला, की काय सांगावं. हवालदार आपल्या बाजूला आला! नेतानकोनं त्याला मिठी मारली, साबण त्याच्या केसांना लागला. हवालदार बिचारा हात वर करून उभा होता, शरण म्हणून. लोक ती घोषणा समजले. दोन मिनिटांत त्याच्या लक्षात आलं की डोळे झोंबत नाहीयेत, आणि जे झोंबतंय तो साबण आहे. मग गपचूप त्यानं गळ्यातल्या कापडाला तोंड पुसलं आणि मोर्चाच्या पुढे चालत वाहतूक थांबवायला लागला. ते काम त्याला येत होतं. अर्धी दाढी तशीच राहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हणू लागले, हवालदारांनी पाठिंबा म्हणून अर्धी ठेवलीय.

गल्लीत दारं उघडली गेली. ताटं झाकली गेली, पाळण्यातलं बाळ घेऊन कुणी पलीकडच्या गल्लीत गेलं, धूर घराघरांत शिरला, पलंगाखाली गेला, कपाटामागे गेला, शिंप्याच्या अर्धवट सदऱ्यांतून फिरून बाहेर आला. आणि कुठून कोण जाणे, मागे पोरंटोरं धावायला लागली. धुरात शिरायचं, आदळायचं, बाहेर यायचं. काकांनी मागे वळून डोळे वटारले. वटारता वटारता त्यांना दिसेनासं झालं, आणि यंत्राच्या आवाजात त्यांनी नाक ओढलं ते कुणाला ऐकू गेलं नाही.

असं करत करत ते स्वतःच्या घराशी आले. काकूंना शेजारणीनं आधीच उशी-पांघरुणासकट आपल्या फवारून झालेल्या, वारं खेळलेल्या खोलीत नेलं होतं, आणि काकू तिथल्या खिडकीतून, त्या घरातली भांडी कशी लावायला हवीत ते सांगत होत्या. काकांनी सवयीनं बोट खटक्यावर नेलं. यंत्र बंद केलं. आवाज थांबला तशी गल्ली एकदम शांत झाली. ते घर ओलांडून पुढच्या दाराकडे निघाले.

मुलगी पुढे गेली होती. ती थांबली, मागे वळली. डोळ्यांखालची टूथपेस्ट वाळून पडली होती. धाप तिला अजून लागत होती, नाही असं नाही. ती परत आली, आपल्या खोलीच्या खिडकीतला कापूस तिनं बोटांनी उपसून काढला आणि तिची दोन्ही दारं भिंतीला टेकवली.

"बाबा, आपलं घर राहिलं," ती म्हणाली.

आणि दोरीला हिसका तिनंच दिला.